शेठचा शब्द आणि तीन बोटं

४ सप्टेंबर १९८९, सोमवार
डाव्या हाताला लिहायची सवय व्हावी म्हणून आजपासून रोजनिशी. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं येतं. महिन्यात सुधारेल.
उजव्या हाताची मधली तीन बोटं जिनात, सरकी काढायच्या मशीनमध्ये गेली, त्याला येत्या ९ ऑक्टोबरला दोन वर्षं होतील. हंगामाआधी मशीन चालवून बघत होतो. रोलरमध्ये कापूस अडकला, काढायला हात घातला. फिटर मीच. मशीनपुढची जाळी मीच काढून ठेवली होती, कारण जिनाचे मालक मोतीलालशेठ म्हणाले होते, ती कामाच्या आड येते. पण हे चारचौघांत बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. शेठ दवाखान्यात म्हणाले होते, तोताराम, तू घरचा माणूस, तुझं मी बघीन. शेठ शब्दाचे पक्के. बघताहेत.
संकल्प : रोज एक पान लिहिणे. बोटांचा विचार न करणे.

५ सप्टेंबर
पान झालं नाही. बोटं खाजत होती. म्हणजे नसलेली.
सुगंधाला सांगितलं. बायको धुळ्याकडची, चिडली की अहिराणीवर येते. म्हणाली, "कोठे शे ते बोट, दखाडा." मी जागा दाखवली. तिने तिथल्या हवेत खाजवलं. बरं वाटलं. ती मात्र नंतर बराच वेळ हात पदराला पुसत होती.

११ सप्टेंबर
रुपचंद आला होता. पिंप्राळ्यात आमच्याच गल्लीत राहतो, युनियनचं काम बघतो. म्हणाला, तोतारामभाऊ, कामावर इजा झाली की भरपाई हक्काची असते, ती शेठच्या मर्जीवर नसते. पण कामगार भरपाईच्या कमिशनरकडे दोन वर्षांच्या आत अर्ज द्यावा लागतो. आणि शेठने कुठल्या कागदावर अंगठा घेतला असेल तरी घाबरू नका, हक्क असा सोडून देता येत नाही. मी म्हटलं, अंगठा शाबूत आहे माझा. तो हसला नाही. युनियनवाल्यांना विनोद कळत नाही.
अर्ज तो लिहिणार. मी सही करून त्याच्याबरोबर कचेरीत जायचं, एवढंच. म्हटलं, जाऊ की. महिना पडलाय.

१६ सप्टेंबर
दुपारी जेवताना तिन्ही बोटांना ऊब आली. मशीन तासभर चालल्यावर तिच्या अंगाला येते तशी. म्हणजे जीन सुरू झालं. हंगामाआधी मला न बोलावता सुरू केलं याचं वाईट वाटलं. सायकल काढून गेलो.
गेटला कुलूप. वॉचमन उखर्डूनाना म्हणाले, अरे बापा, वीजच तोडलेली आहे, कुठलं जीन. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "तुलेबी आवाज आला का?"
मी नाही म्हटलं आणि निघालो. नानांना वयामुळे भास होतात. माझं वेगळं आहे, मी फिटर आहे.

२४ सप्टेंबर, धुळे
सासुरवाडी. मेहुणा निंबा याचा पाय इथल्या एका ऑइल मिलमध्ये गेला. त्याने दावा लावला, भरपाई घेतली, त्यात पिठाची गिरणी टाकली. बायको सारखी त्या गिरणीकडे बघत होती. निंबा मला म्हणाला, "दाजी, तो शेठ तुमना भाऊ शे का?" मी समजावलं, पैशापेक्षा संबंध मोठे. तुझ्या शेठने तुला पुन्हा दारात उभं केलं का? तो म्हणाला, उभं कशाला राहू, बसून दळतो ना. याला चांगलं उत्तर आहे. एसटीत सुचलं.
निघताना त्याला बाजूला घेऊन विचारलं, गेलेला पाय कधी परत येतो का रे. म्हणाला, यायचा. आताशा येत नाही. त्याचा हिशेब झाला.

२ ऑक्टोबर
अर्जावर सही केली. डाव्या हाताची असूनही रुबाबदार आली. रुपचंद म्हणाला, आज सुट्टी आहे, उद्या सकाळीच जाऊ. ठरलं.

३ ऑक्टोबर
गेलो नाही. कचेरीत जायचं तर दाढी हवी. न्हावी नशिराबादला लग्नाला गेलेला. दुसऱ्या न्हाव्याकडे मी जात नाही.

५ ऑक्टोबर
शेठची गाडी आमच्या दारात. सगळी गल्ली बघत होती. शेठ उतरले नाहीत, काच खाली करून बोलले. म्हणाले, तोताराम, यंदा खंडेनवमीला मशीनची पूजा तुझ्या हातची. सगळ्यांसमोर तुझं ठरवून टाकू. कोणी डोक्यात काही भरवत असेल तर ऐकू नको.
याला म्हणतात शब्द. सुपरवायझर करतील असा माझा अंदाज आहे.
नवमी नेमकी ९ तारखेला. रुपचंदला सांगितलं, सकाळी पूजा, दुपारी कचेरी. तो म्हणाला, भाऊ, हात जोडतो, उद्याच चला. पण उद्या सदरा इस्त्रीला जाणार.

७ ऑक्टोबर
बोटं आता रोज दुपारी तापतात. सुगंधा खाजवत नाही. म्हणते, परवा तिथे हाताला काहीतरी लागलं. काय लागलं, विचारलं. ती धुणं घेऊन बाहेर गेली.

९ ऑक्टोबर, खंडेनवमी
आयुष्यात असा मान मिळाला नव्हता. मशीन धुऊनपुसून लख्ख, झेंडूचे हार. जाळी अजून भिंतीला टेकून उभी, तिलाही हार. डाव्या हाताने रोलरला कुंकू लावलं. मशीन बंद होती, मी स्वतः स्विच बघितला. पण उजवीकडची तीन बोटं आत फिरत होती. कोणीतरी धरून ओढल्यासारखी. मी हात मागे घेतला नाही. सगळे बघत होते.
शेठ भाषणात म्हणाले, तोतारामने मशीनला बोटं दिली, तेव्हापासून मशीनने आपल्याला भरभरून दिलं. टाळ्या झाल्या. मला शाल. मग नव्या फिटरची ओळख करून दिली.
माझं काय ठरवताय, विचारलं. शेठ म्हणाले, पूजेच्या दिवशी देण्याघेण्याचं काढू नये, मशीनला लागतं. बरोबर आहे. जेवायला आग्रहाने थांबवलं. पंगत उशिरा बसली. निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं, कचेरी बंद झाली असणार.
एका दिवसाने काय होतं.

१० ऑक्टोबर, दसरा
शाल पांघरून रुपचंदकडे सोनं द्यायला गेलो. काल तो कचेरीच्या दारात दिवसभर माझी वाट बघत होता म्हणे. मी म्हटलं, सण झाला की जाऊ. तो म्हणाला, मुदत काल संपली. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लिहावं लागेल. काल कुठे होता?
मी सांगितलं.
तो म्हणाला, त्याच मशीनची?
म्हटलं, त्याच. मानाने बोलावलं होतं.
त्याने कागद पुढे ओढला. मग खाली बघत म्हणाला, आजारी होता, अंथरुणात होता, असं लिहू का?
मी म्हटलं, तसं कसं लिहिणार. सगळ्या जिनाने मला पूजा करताना बघितलं आहे.