गेलेल्या कोपऱ्याची राखण

माय, तुझा उजवा हात मी रविवारी बिदरच्या मैदानावर पाहिला. भिऊ नकोस, मी शुद्धीवर आहे. तो हात माझ्या नातीच्या अंगाला लागलेला होता. धाकट्या लेकाची मुलगी, नववीत शिकते. तू गेलीस तेव्हा तिच्या बापालाच अजून मिसरूड फुटलं नव्हतं, म्हणजे तिनं तुला पाहिलेलं नाही, तुझा फोटोही घरात नाही. तरी पोरगी डावा पाय उचलते, अंग मागं नेते, जिभेचं टोक दातात धरते आणि सोडते. अगदी तू मचाणावर उभी राहून गोफणीतला खडा सोडायचीस तसं! शेजारी बसलेल्या बाईला मी म्हटलं, "ही माझी माय हाय." ती म्हणाली, "मघाशी तर नात म्हणायलतीस." म्हटलं, "दोन्ही हाय, बाई."

खेळाचं नाव बेसबॉल. मला जेवढा कळला तेवढा तुला सांगते. एक पोरगी चेंडू टाकते, दुसरी मुसळासारख्या दांड्यानं तो मारते आणि मारला की चौकोनाच्या कडेनं पळत सुटते. सगळे कोपरे शिवून परत आली की एक धाव. आपल्या गावच्या शाळेत एक कानडी सर आलेत, त्यांनी हा खेळ आणला. पोरी पँट घालतात ग, पळता पळता लाल मातीत लोळण घेतात आणि लोक रागवायचं सोडून टाळ्या वाजवतात! माझा पदर नुसता खांद्यावरून सरकला तरी सासरी आत्या दिवसभर बोलायच्या. मी तर डोळे फाडून बघत बसले. डब्यात चुरमुऱ्याचा सुसला नेला होता, तोही त्या शेजारणीनंच संपवला. ती गुलबर्ग्याहून आली होती. आता कलबुर्गी म्हणायचं म्हणे, पण माझी जीभ वळत नाही.

मोसमातला हा पहिलाच सामना, आणि समोर तिकडच्याच पोरी. शेवटपर्यंत आपल्या पोरी पुढं होत्या. मग त्यांच्या दोन पोरी कोपऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि दांडा घेऊन एक चष्म्याची बुटकी पोर आली. आपलीनं टाकला. त्या बुटकीनं असा हाणला, माय, असा हाणला की चेंडू वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, परत दिसला आणि जाळीच्या पलीकडं बाभळीत जाऊन पडला. एवढं उंच मी पाखराशिवाय काही जाताना पाहिलं नव्हतं. मी उठून उभी राहिले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. शेजारणीनं मला मिठी मारली, मीही मारली. तेवढ्यात लेक म्हणाला, "आई, खाली बस. आपण हरलोत." मैदानाच्या मधोमध आपली पोर उभी, हात लोंबलेला. सर तिच्या खांद्यावर हात ठेवून कानडीत म्हणाले, "होग्लि बिडव्वा," जाऊ दे पोरी. पण तिनं काही जाऊ दिलं नाही.

बसमध्ये भालकी येईपर्यंत पोरगी सरांनी दिलेल्या हातमोज्याची नाडी ओढत बसली. मग म्हणाली, "अज्जे, तू टाळ्या वाजवायलतीस. तू कुणासाठी आलतीस, माझ्यासाठी का तिच्यासाठी?" मी म्हटलं, "मला काय कळतंय ग, चेंडू लई सुरेख गेला." तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. घरी आल्यावर तो चामड्याचा हातमोजा खाटेखाली फेकला. "मी पुढच्या सामन्याला जाणार न्हाई. सरला मोजा परत देते." सोमवारी सरावाला गेली नाही, मंगळवारीही नाही. लेकाला तेवढंच निमित्त. "बरंच झालं. दहावी तोंडावर आली. सोडती म्हणती तर सोडू दे." मला मात्र ते पटेना. तुझा हात बघायला शेतात मी आणि पाखरं, एवढेच होतो. हिचा हात बघायला आख्खं मैदान आहे, आणि ती एका चेंडूपायी तो खाली ठेवायला निघाली होती.

बुधवारी भाकरी थापता थापता मी तिला चुलीपाशी बसवून घेतलं आणि आपण अर्ध्या वाट्यानं, बटईनं केलेल्या शेताची गोष्ट काढली. तुला ती ठाऊकच आहे. जोंधळा हुरड्यात आलाय, राखणीचा माझा पहिलाच दिवस. मी मचाणावर एकटी. आणि पाखरं येतात, भोरड्या. आभाळात कुणी धोतर झटकावं तसा त्यांचा थवा वळतो आणि बांधाकडच्या कोपऱ्यात उतरतो. मी ओरडते, गोफण फिरवते, खडा माझ्याच पायापाशी पडतो. त्या उठतात तेव्हा कोपऱ्यात नुसती धाटं उरलेली. तू भाकरी घेऊन येतेस तेव्हा मी त्या कोपऱ्याकडं तोंड करून हुंदके देतेय. तू टोपली खाली ठेवतेस. मला वाटतं, आता पाठीत बसणार. तू माझे खांदे धरतेस आणि मला गर्रकन दुसरीकडं वळवतेस. "ह्ये उभंय का पडलंय?" मी म्हणते, "उभंय." "मग कामून गेलेल्या कोपऱ्याची राखण करायलीस? जे उभंय ते बघ." आणि समोर बघते तर काय, बांधापासून ओढ्यापर्यंत जोंधळाच जोंधळा, वाऱ्यानं डुलायलाय. इतकं आहे हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

नातीनं भाकरीचा तुकडा मोडला. "मग उरलेलं राखलं का?"

"राखलं. वरीसभर खाल्लं."

"आन भोरड्या? परत आल्या का?"

"रोज येतात बाई. त्यांना दुसरा काय धंदा हाय?"

तेव्हा कुठं हसली. दुसऱ्या दिवशी खाटेखाली वाकून मोजा काढला, झटकला आणि चपला घातल्या. बापानं विचारलं, "आता कुठं निघालीस?" पोरगी म्हणते, "राखणीला!"

काल बाजारात सर भेटले. मोडक्या मराठीत म्हणाले, "अव्वा, तुमी काय सांगितलं? हिनं सगळ्या टीमला शिकवली. कुणाचा चेंडू सुटला की पोरी ओरडतेत, कोपरा सोड, उभंय ते बघ!" आणि माझ्यापुढं हात जोडले. एवढ्या शिकलेल्या माणसानं, भर बाजारात, भाजीवाल्यांसमोर.

सून विचारते, कुणाला लिहायलाव. म्हटलं, कुणाला न्हाई. कागद गादीखाली सारते आता. पण तुला तेवढं सांगते, माय. नातीला गोष्ट सांगताना ती रडणारी पोर मी शेजारच्यांची केली, आणि तिचे खांदे धरून वळवणारी बाई मी झाले. सरांनी हात जोडले तेव्हा तुझं नाव अगदी ओठावर आलं होतं. मी कोथिंबीर निवडत राहिले.