सगळ्यांचा एकच अर्ज

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घरी सगळे ठीक आहेत, म्हणजे जेवतात, कामाला जातात, वेळेवर झोपतात. दादाला जाऊन वर्ष उलटलं, तरी फोनवर मला तुझ्याशी धड बोलता येत नाही. आई शेजारच्या खोलीत असते आणि आपलं लक्ष नाही असं दाखवते. तिने तुझ्याशी बोलणं टाकलंय, ते अजून तसंच आहे. म्हणून लिहिते. मला लिहायची सवय कॉलेजच्या कामापुरतीच, तेव्हा सांभाळून घे.

हेही कॉलेजच्या कामातूनच निघालं. मुलाखतींसाठी सरांनी चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. कुणाला अग्निशमन केंद्र आलं, कुणाला प्राणिसंग्रहालय, आणि मला दूतावास, तोही नेमका तू राहतेस त्या देशाचा. सरांना दादाचं माहीत नाही. चिठ्ठी बदलून मिळाली असती, पण कारण सांगावं लागलं असतं, आणि हल्ली मला कारणं सांगायचाच कंटाळा येतो.

जोडीला वर्गातली एक मुलगी होती. अखंड बोलते म्हणून आम्ही तिला रेडिओ म्हणतो. गेटवर आमचे फोन, छत्र्या, बाटल्या सगळं काढून घेतलं. तिचा जेवणाचा डबा ठेवून घेतला तेव्हा ती पहारेकऱ्याला म्हणाली, "काका, भाजी खाल्लीत तरी चालेल, डबा तेवढा परत द्या. हरवला तर आई मला घरात घेणार नाही." तो हसला नाही. आत जाताना तोच हॉल लागला, जिथे मागच्या वर्षी आई, आत्या आणि मी दिवसचे दिवस बसून होतो. खुर्च्या अजून जमिनीला बोल्ट मारलेल्याच आहेत. तेव्हा आत्या म्हणाली होती, "इथे खुर्च्यांनासुद्धा बाहेर जायची परवानगी नाही वाटतं." त्या आठवड्यात आम्ही हसलो ते तेवढंच.

व्हिसा विभागाच्या बाई दमलेल्या दिसत होत्या. बोलता बोलता डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होत्या. तिथे प्रश्न आधी लिहून पाठवावे लागतात आणि मग तेवढेच विचारता येतात. रेडिओने विद्यार्थी, नोकऱ्या, शुल्क असं सगळं विचारून घेतलं. माझा प्रश्न शेवटचा होता. परदेशात कुणाचं माणूस गेलं, तर घरच्यांना लवकर जाता येतं का? बाई म्हणाल्या, "आई असेल तर दुसऱ्या दिवशी सोडतो. फक्त तिने एकटीने अर्ज करायचा. पण दुःखात माणसं एकटी येतच नाहीत हो. अख्खं कुटुंब एकाच अर्जावर येतं. मग एकाचा कागद अडला की सगळेच अडतात. आम्ही सांगतो, पण त्या वेळी ऐकायचं भान कुणाला असतं?" मी ते शब्द न शब्द लिहून घेतलं.  गेटवर डबा परत मिळाल्यावर रेडिओने तो आधी माझ्यापुढे धरला.

वहिनी, दादा गेला तेव्हाचा तुझा तो फोन स्पीकरवर होता. तू म्हणाली होतीस, "आईंचा एकट्यांचा अर्ज भरा, बाकी कुणाचं नाव घालू नका." लगेच आत्या म्हणाली, "घ्या, आत्तापासूनच माणसं जड झाली हिला." आईच्या ते मनाला लागलं. "मी काय अनाथ आहे एकटी जायला? जायचं तर सगळ्यांनी." मग सगळ्यांचा एकच अर्ज गेला, आणि आत्याच्या पासपोर्टची मुदत संपत आलेली निघाली. तू तिथे अंत्यसंस्कार थांबवता येतील तितके थांबवलेस आणि शेवटी एकटीने त्याला निरोप दिलास. "माझ्या लेकाचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही," हे आईचं वाक्य तुझ्यापर्यंत पोचलंच असेल. तरी तू एकदाही म्हणाली नाहीस की मी सांगितलं होतं.

मी घरी येऊन आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती चादरीच्या घड्या घालत होती. बराच वेळ घालतच राहिली. मग म्हणाली, "तिने बोलून का नाही दाखवलं?" आणि आपणच म्हणाली, "दाखवलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं होय!"

तेव्हापासून ती तुझा नंबर काढते आणि फोन खाली ठेवते. मी लावून देऊ का विचारलं, तर म्हणते, कुठल्या तोंडाने बोलू. तिच्याने हे होणार नाही, म्हणून तुला लिहिलं. वहिनी, तू फोन कर. माझ्या नाही, तिच्या नंबरवर. झाल्या गोष्टीचं काही काढू नकोस, ती स्वतः काढेल तेव्हा काढेल. फोन उचलल्यावर ती विचारेल, "कोण बोलतंय?" समोर तुझं नाव दिसत असेल, तरी विचारेल. रागावू नकोस. सांग, "आई, मी तुमची सून बोलतेय."

तुझीच,
नणंदबाई