धनुर्वाताचं पान

ता. ५ जुलै १९३६, रविवार. विंझर.
नापास झाले हे खरं. पण कशात? प्रॅक्टिकलमध्ये. लेखी पेपरात बावन्न मार्क आहेत. म्हणजे नर्सिंग मला येतं, फक्त करून दाखवताना गोंधळ झाला. पुण्याच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंनी शेरा लिहिलाय, "मुलगी वहीकडे पाहते, रोग्याकडे पाहत नाही." इंग्रज बाई. आमच्या मुलींचा लाजाळूपणा त्यांना काय कळणार!

ऑक्टोबरात पुन्हा बसता येईल. भोरात अभ्यास अशक्य. वडील शाळामास्तर, त्यामुळे अख्खं गाव निकाल विचारतं. म्हणून इथे आत्याबाईंकडे आले. धोंडाबाई, वडिलांच्या थोरल्या बहीण. विधवा, मूलबाळ नाही, भाताची खाचरं एकट्या बघतात. निघताना वडील म्हणाले, समजून वाच. मी समजूनच वाचते.

संकल्प : रोज सहा तास. आजपासून.

ता. ७, मंगळवार.
टाइमटेबल तयार. तीन रंगांत. यातच दोन दिवस गेले, पण पाया पक्का हवा. अभ्यास उद्यापासून.

माझी चूक कुठे झाली ते सापडलं. पुण्यात मी मनातल्या मनात वाचत होते. आता प्रत्येक पान मोठ्यानं पाच वेळा, समोर कुणीतरी बसवून. आत्याबाई तयार आहेत. लावणी चालू आहे, तरी म्हणाल्या, भाकरी थापता थापता ऐकीन की.

ता. ९, गुरुवार. दुपारी.
उत्तम संधी! आत्याबाईंच्या तळपायात गोठ्यातला गंजका खिळा घुसला. चांगला बोटाच्या पेराएवढा. मी आठच्या आकड्याचं बँडेज बांधलं. इतकं सुबक की पुण्यात कुणाचं झालं नसतं. शेजारच्या ठकुबाई म्हणाल्या, आधी पाय धुवा, शेण हाय. जखम उकळलेल्या पाण्यानं धुवायची असते हे मला पाठ आहे, पण चूल विझलेली, सरपण ओलं, आणि माझी वाचायची वेळ झालेली. वरवर पुसलं. ठकुबाईंनी कोर्स केलेला नाही.

ता. १२, रविवार.
प्रॅक्टिकलचाही सराव हवा म्हणून आत्याबाईंचा चार्ट आखला. ताप, नाडी, श्वास, सकाळ-संध्याकाळ. थर्मामीटर पुण्यात राहिला, पण कपाळाला हात लावला की अंदाज येतो. नाडी मोजायची तर आत्याबाई खाचरात. सगळं नॉर्मलच असणार. आठवड्याचे आकडे एकदम भरून टाकले. चार्ट देखणा दिसतो.

पुण्यात प्रॅक्टिकलला अशाच एका चार्टावरून वाद झाला होता. तो विषय वेगळा.

ता. १६, गुरुवार.
कालपासून धनुर्वाताचं पान. अवघड आहे. रोगाची सुरुवात जबड्यापासून, इथे माझं नेहमी अडतं. पाच वेळा झालं, पाठ होईना. उद्या पुन्हा.

आत्याबाईंनी अर्धी भाकरी टाकली. म्हणतात जबडा आवळल्यावाणी वाटतो. दाढ दुखत असेल. लवंग दिली.

ता. १७, शुक्रवार.
आज धनुर्वाताच्या मुख्य ओळींखाली लाल रेघ ओढली. रेघेनं फार फरक पडतो. "जबडा ताठरतो, गिळणे कठीण होते, मान आखडते."

आत्याबाई मान वळवत नाहीत, सगळ्या अंगानं वळतात. रोपांचे भारे डोक्यावरून वाहिल्यावर दुसरं काय होणार? ठकुबाई दोनदा येऊन बघून गेल्या. दारात उभ्या राहतात. अभ्यासात व्यत्यय.

ता. १९, रविवार.
आता न बघता म्हणता येतं! "चेहऱ्याचे स्नायू ओढले जाऊन रोगी विचित्र हसतो आहे असा भास होतो." हे वाक्य म्हणत होते तेव्हा आत्याबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. मला राग आला. विचारलं, हसायला काय झालं? दातांतून म्हणाल्या, "म्या न्हाई हसत, पोरी."

मग मी पुढचं पान उलटलं. लक्ष लागेना. दिवसभर भरून आलं होतं, गोठ्यात गाय सारखी पाय आपटत होती. त्यानं होतं असं.

चार्ट : सर्व नॉर्मल.

ता. २०, सोमवार. सकाळी.
लिहून काढते.

मी उजळणीला बसले होते. ठकुबाईंच्या हातून घागर निसटून दगडावर पडली. त्या आवाजासरशी आत्याबाईंचं अंग ताठ झालं, कमानीसारखं. डोकं आणि टाचा तेवढ्या जमिनीला. माझ्या तोंडून पुढची ओळ आपोआप बाहेर पडली, "किंचित आवाजानेही झटका येतो."

झटका ओसरला तेव्हा आत्याबाई बोलल्या. ओठ हलत नव्हते. "तू पाच दिस जे म्हणतीस ना... ते माजंच हाय. परवाच कळालं मला."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तुला वाटलं आसंल तर तू म्हणशीलच, आसं वाटलं. शिकलेली तू."

वहीत पाहिलं. वहीत उदाहरण एका माळ्याचं आहे. पुरुष, वय तीस, कुदळीची जखम. बाईमाणसाचं कुठेच दिलेलं नाही. खिळ्याचंही नाही. तसं दिलं असतं तर...

ठकुबाई गाडीवान चिमाजीला गाडी जुंपायला सांगून आल्या. मला विचारलंसुद्धा नाही.

ता. २२, बुधवार. पुणे.
ओढ्याला पाणी. अर्धा दिवस अलीकडेच थांबलो. गाडीचं चाक दगडावर चढलं की आत्याबाईंना झटका. ठकुबाईंनी त्यांच्या कानांत कापूस घातला, डोळ्यांवर लुगड्याचा पदर धरला, चिमाजीला बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढायला लावल्या. मी काय केलं? वही मांडीवर होती. उघडली नाही.

नसरापुराहून जहांगीरभाईंची पुण्याला जाणारी भाड्याची मोटार मिळाली. त्यांनी उतारू उतरवले आणि सबंध वाट भोंगा वाजवला नाही.

मला दुसरा दवाखाना माहीत नव्हता. म्हणून तोच, जिथे नापास झाले.

दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, जबडा कधीपासून धरला? मी चार्ट पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला. म्हणाले, ही बाई ठणठणीत आहे. मग इथे कोणाला आणलंय?

तारखा फक्त या रोजनिशीत होत्या. ही कुणाला दाखवायची नव्हती. व्हरांड्यात उभं राहून वाचून दाखवली, नऊ तारखेपासून. लवंगेपाशी ते म्हणाले, पुरे. धनुर्वातावरच्या सिरमची सुई दिली. जखम उघडून धुतली. माझं बँडेज बादलीत टाकलं.

आत्याबाई अंधाऱ्या खोलीत. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.

ता. ३० जुलै, गुरुवार.
बाहेरच. झटके दिवसाला चाळीसवर गेले होते. आज एकतीस. दाराच्या फटीतून मोजले. अंदाजानं नाही.

वडील येऊन गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

ता. १४ ऑगस्ट, शुक्रवार.
डॉक्टर काल म्हणाले, वाचल्या. आज तोंडात दोन बोटं मावतात.

मला आत सोडलं. मेट्रनबाई फेरीवर होत्या. त्यांच्या तोडक्यामोडक्या मराठीत विचारलं, खेड्यात हा रोग ओळखला कोणी?

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "ह्या पोरीनं वळखला. हिनंच गाडी जुंपाय लावली."

मेट्रनबाई म्हणाल्या, मग माझा शेरा चुकला. ऑक्टोबरचा अर्ज आण, शिफारस मी लिहिते. खिशातून पेन काढलं.

क्षणभर वाटलं, तसं पाहिलं तर खरंच आहे. धनुर्वाताचं पान वाचत तर मीच होते. मी नसते तर आत्याबाईंना कळलं कसं असतं? हे वाक्य मनात अगदी तयार होतं, सुबक.

मग सांगितलं. मी नाही ओळखला. त्यांनी ओळखला, माझं ऐकून. मी समोर बसून रेघा ओढत होते. गाडी ठकुबाईंनी जुंपायला लावली.

मेट्रनबाईंनी पेनाला टोपण लावलं. ऑक्टोबर नाही, म्हणाल्या. पुढच्या वर्षी, पहिल्यापासून. तोवर वॉर्डात बेडपॅन धुवायला एक बाई हवी आहे. सोमवारी सहाला.

त्या गेल्यावर आत्याबाई बोलल्या, "म्या मरता मरता तुज्यापायी खोटं बोलले, आन् तू घालवलंस. येडी कुठली!"

पेजेचा चमचा पुढे केला. त्यांनी रागानं मान फिरवली.

पूर्ण फिरली. भिंतीपर्यंत.