किलवणीच्या कोंबडीचा लिलाव

पप्पा, मी तुमच्यावर चिडले आहे, आणि हे तोंडावर ऐकायला तुम्ही नाही याचाही मला राग येतो. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्यासाठी रडले, तुमचा फोटो पुसला, कबरीवर झेंडू ठेवले, पण भांडले कधी नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई म्हणते. पण मागच्या रविवारी चर्चमध्ये जे झालं त्यात अर्धा वाटा तुमचा आहे, म्हणून आज भांडते.

कापणीच्या उपासनेचा लिलाव या वर्षी कमिटीने मला करायला सांगितला. पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "पप्पांचा आवाज आहे तुझ्यात. शिवाय ग्रॅज्युएट आहेस, चार माणसांसमोर अडखळणार नाहीस." मला किती आनंद झाला ते लिहायलाही लाज वाटते. तुमच्या वेळी मांडायचे तसंच अजून मांडतात सगळं: वेदीपुढे भाताच्या पेंढ्या, दुधी, केळ्यांचे घड, कोणाच्या घरचा केक, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की एकेक वस्तू उचलायची, बोली लावायची, आणि जो जास्त बोलेल त्याला द्यायची. पैसे चर्चच्या कामाला. तुम्ही तो लिलाव असा करायचात की लहान मुलंसुद्धा उठून बाहेर जायची नाहीत. एक साधी पपई हातात घेऊन तुम्ही म्हणायचात, "ही पपई नाही, हा आपल्या सामरवरणी गावाचा सूर्य आहे, बोला!" आणि माणसं हसत हसत खिशात हात घालायची.

तो आवाज तुम्हाला सायली गावातल्या कंपनीने दिला होता. धाग्याच्या मशीनपाशी बारा-बारा तास उभं राहून तुम्ही घरीही ओरडूनच बोलायचात. एकदा तुम्ही डबा विसरलात म्हणून आईने मला कंपनीच्या गेटवर पाठवलं. आत नुसता घरघराट. तुम्ही बाहेर येता, कानांतले कापसाचे बोळे काढता आणि "काय गं पोरी!" असं इतक्या जोरात म्हणता की वॉचमन हसतो. तेवढ्यात मजूर पुरवणाऱ्या ठेकेदार काकांची गाडी येते आणि तुमचा आवाज एकदम खाली जातो. "हो शेठ. आलोच शेठ." तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की तुम्हाला हळू बोलता येतं.

काका कंपनीत शेठ होते आणि चर्चमध्ये भाऊ. तुम्हाला नंदुरबारकडून इथे आणलं त्यांनीच, कामाला लावलं त्यांनीच, ही खोलीही त्यांच्याच चाळीतली. आणि दर वर्षी लिलावात सगळ्यात मोठी बोली त्यांची. ते मागे दाराजवळ बसायचे, सगळे बोलून दमले की एकच आकडा टाकायचे, आणि तुम्ही माइकमध्ये गर्जायचात, "काकांचं मन मोठं! टाळ्या!"

मी अकरा वर्षांची होते तेव्हा बदली होऊन जाणाऱ्या एका शिक्षिकेने अर्पणात पृथ्वीचा गोल ठेवला होता. निळा, गरगर फिरणारा. माझ्याकडे नाताळचे साठवलेले पन्नास रुपये होते. मी बाकावर उभी राहून ओरडले, "पन्नास!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि माइकमध्ये म्हणालात, "लिलाव करणाऱ्याच्या घराने बोलायचं नसतं, बाईसाहेब. खाली बसा." सगळे हसले. काका म्हणाले, "पाचशे." टाळ्या. तो गोल त्यांच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेला.

घरी आल्यावर आई भाकरी थापत होती आणि मी चुलीपाशी बसून रडत होते. "मला पाहिजे होता," एवढंच म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "पाहिजे, पाहिजे! हाच तो लोभ. लोभ म्हणजे घरात लपवून पुजलेली मूर्ती. एकदा तिला जागा दिली की देवाला बसायला पाट उरत नाही." मग माझे हात धरून जोडलेत आणि क्षमा मागायला लावलीत. भाकरी करपल्याचा वास येत होता. चार दिवसांनी तुम्ही भंगारवाल्याकडून एक जुनी नकाशांची वही आणलीत, काही न बोलता माझ्या दप्तरावर ठेवलीत. तिच्यात आफ्रिकेची पानंच नव्हती. ती मी दहावीपर्यंत वापरली. तुम्ही वाईट नव्हता हे मला माहीत आहे, पप्पा. चिडायला त्यामुळेच जास्त अवघड जातं.

आता मी सायलीतच एका कंपनीच्या ऑफिसात हजेरीचं काम बघते. काका त्याही कंपनीला माणसं पुरवतात. पॅकिंगला बारा तास उभी राहिलेली बाई कागदावर आठ तासांची कशी होते, ते मी रोज बघते. दोनदा साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, वो ठेकेदार का मॅटर है." आणि रविवारी मी संडे स्कूलच्या मुलांना त्या माणसाची गोष्ट शिकवते, ज्याचं पीक मावेना म्हणून तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघाला आणि त्याच रात्री मेला. मुलं विचारतात, "टीचर, मग धान्याचं काय झालं?" मी म्हणते, धान्य सोडा, त्याच्या जिवाचं काय झालं ते विचारा. लोभी माणूस प्रार्थना करत नाही असं थोडंच आहे? करतो, लांबलचक करतो. फक्त मूठ आवळून करतो, आणि आवळलेल्या मुठीत देवालाही काही ठेवता येत नाही. हे मी शिकवते आणि शिकवताना दर वेळी मला तुमचा राग येतो. कारण ही शिकवण तुम्ही फक्त चुलीपाशी सांगितलीत. माइकवर कधीच नाही. पन्नास रुपये घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला लोभ, आणि मजुरांच्या चार-चार तासांवर घराचे मजले चढवणाऱ्याला टाळ्या? हा कुठला न्याय?

रविवारी सकाळी चर्चच्या नळापाशी किलवणी गावच्या एका बाईंनी मला गाठलं. त्या काकांच्याच हाताखाली पॅकिंगला आहेत, चर्चला येऊन त्यांना वर्षही झालं नाही. हातात कोंबडी. म्हणाल्या, "ताई, ही परत नेता येल का? प्रार्थनेत बोलून बसले की देते. आणि आज सकाळी हिने पहिलं अंडं घातलं."

मला हसू आलं. म्हटलं, "परत नाही नेता येणार. पण बोली लावा ना, विकत घेता येते."

"माझीच?"

"आता देवाची आहे."

"मग देवाशीच बोलते," असं म्हणून त्यांनी कोंबडीचे पाय बांधले आणि तिला वेदीपुढे ठेवलं.

लिलाव छान चालला होता. तुमचा पपईचा विनोद मी केला आणि जुनी माणसं तुमच्या नावाने हळहळली. मग कोंबडी आली. मी तिला उचलताच किलवणीच्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. "दीडशे!"

सेक्रेटरी हसत म्हणाले, "अहो, दिलेलं परत घेताय? देवाला कोंबडी दिली आणि शेपूट हातात ठेवलं!"

"शेपूट नाय, साहेब," त्या म्हणाल्या. "अंडं."

अख्खा हॉल हसला. कोणीतरी गमतीने पावणेदोनशे म्हटलं, त्या म्हणाल्या दोनशे. मग सगळे थांबले. बाईंचा चेहरा उजळला. आणि मागून, दाराजवळून, नेहमीच्या शांत आवाजात काका म्हणाले, "पाचशे."

बाई खाली बसल्या. रागाने नाही. सवय असल्यासारख्या.

ते बसणं मला सहन झालं नाही. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "दोनशे एकवार, दोनशे दोनवार, दोनशे तीनवार. किलवणीला दिली!" एकाने टाळी वाजवली आणि मध्येच थांबवली. सेक्रेटरी कुजबुजले, "ताई, काकांनी पाचशे म्हटलं." मी पुढचा दुधी उचलला. माझे कान तापले होते आणि मला इतकं बरं वाटत होतं, पप्पा, की काय सांगू. वाटलं, अख्ख्या हॉलमध्ये मूठ उघडी असलेली मी एकटीच आहे.

घरी आल्यावर आई चप्पलही न काढता बोलायला लागली. "डिग्री आली म्हणजे अक्कल येत नाही. तुझे पप्पा गेल्यापासून या खोलीचं भाडं वाढलेलं नाही, माहितीये? शिलाई मशीन ठेवायला खिडकी आहे, दाराशी नळ आहे. या गुडघ्यांनी दुसऱ्या चाळीत जिने चढू मी? आणि पप्पांना वापीच्या दवाखान्यात कोणाच्या गाडीतून नेलं होतं?"

"म्हणून त्यांनी बायकांचे तास खायचे?"

"मी म्हटलं का खायचे?"

"पप्पा तर टाळ्या वाजवायला सांगायचे!"

आई खाली बसली, गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "लिलावाच्या रविवारी ते जेवायचे नाहीत. मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचे आणि म्हणायचे, घसा बसलाय. दर वर्षी. मी विचारायची नाही."

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मला क्षमा मागायला लावण्यापेक्षा एवढं एक वाक्य सांगितलं असतंत तर मी तो गोल त्याच दिवशी विसरले असते. तुम्हाला सगळं कळत होतं आणि तरी तुम्ही ओरडत होता, हे ऐकून मला दया यायला हवी होती. मला आणखीच राग आला. मी ठरवलं, काका आले तर सगळं बोलायचं. हजेरी, बारा तास, कोठारं, सगळं.

मंगळवारी संध्याकाळी ते आले. हातात फरसाणचा पुडा. आईने खाट झटकली, चहात साखर जास्त घातली. ते बसले, मशीनकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. म्हणाले, "बेटा, आवाज मस्त आहे तुझा. डिट्टो बापाचा." मग बशीत चहा ओतत ते म्हणाले, "त्या दिवशी पंखे फार आवाज करत होते, नाय? तुला ऐकू आलं नसेल."

ते धमकावत नव्हते, पप्पा. मला वाट करून देत होते. किती सवयीने, किती प्रेमाने! माझं सगळं भाषण जिभेवर होतं. आईचा हात मशीनच्या चाकावर होता, ते चाक ती उगाच मागेपुढे करत होती. मी खोलीकडे बघितलं. नळ, खिडकी, भिंतीवरचा तुमचा फोटो. हे सगळं आपलं आहे, हातचं जाऊ नये, असं इतक्या जोरात वाटलं की मला दुसरं काही दिसेना.

"हो काका," मी म्हटलं. "ऐकूच नाही आलं."

ते मोकळं हसले. "पुढच्या वर्षी पंखे बदलून देतो." आणि फरसाणचा पुडा माझ्याकडे सरकवला. आईने डोळे मिटले, बहुतेक देवाचे आभार मानायला. पंखे येतील, त्यावर टाळ्याही पडतील, आणि माइक माझ्या हातात असेल.

मला वाटायचं लोभ मोठ्या घरांत राहतो, काचेच्या कपाटात. आपल्याकडे ठेवायला असतंच काय! पण आवळायला थोडंसंही पुरतं. आणि खोलीचं एक वेळ मी समजून घेईन, तिथे आईचे गुडघे आहेत. रविवारी मला जे एवढं बरं वाटलं होतं त्याचं काय करू? बाईंना कोंबडी मिळाली म्हणून बरं वाटलं, की सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून? मी दोन दिवस हा प्रश्न विचारतेय आणि दोन दिवस उत्तर टाळतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हात जोड. आणि मी म्हटलं असतं, तुम्ही आधी.

काल कंपनीच्या गेटवर किलवणीच्या बाई भेटल्या. ओच्यातून एक अंडं काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "ताई, शेठसमोर तुम्ही माझ्यासाठी उभ्या राहिल्या. कोण राहतं?" आजूबाजूला बायका होत्या, काकांचा सुपरवायझर चार पावलांवर विडी ओढत होता. मी म्हटलं, "नाही हो, पंख्यांमुळे मला ऐकू आलं नव्हतं." त्यांनी रिकामा ओचा नीट खोचला. "असं होय," म्हणाल्या आणि पाळीला आत गेल्या. अंडं परत मागितलं नाही.

संडे स्कूलच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. ही पानं फाडून कबरीवर ठेवायची नाहीत, आईला वाचून दाखवायची नाहीत. इथे सगळ्यांना आता एकच गोष्ट माहीत आहे आणि ती मीच सांगितली आहे. तुमच्याशी भांडायला बसले होते, भांडून झालं. एवढंच राहिलं की काकांचं ते पाचशे मला ऐकू आलं होतं, पप्पा. पहिल्याच वेळी, स्वच्छ.