शेवटच्या गाण्यातला मार

रविवार, ९ मार्च

दात हलतोय! खालचा, डावीकडचा. आमच्या गाणाऱ्या खरज्याचं कोपर लागलं. आरशासमोर दहादा तोंड उघडून बघितलं. आई म्हणाली, "लग्नाच्या वयात बोळकं करून घे." दादा म्हणाला, "ह्याला गाणं म्हणतात?" गाणं कसलं — पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. पण तो ओरडायला लागला की आठवडाभर मी जे जे गिळलं ते सगळं बोलून झाल्यासारखं वाटतं.

पहिल्या दिवशी बाजाराच्या गोदामात त्याचा बँड ऐकायला आम्ही अकरा जण होतो. असलं वाजवणारं त्याआधी कुणी नव्हतंच. तीन सूर, चौथा त्यांना येतच नाही. आता दर रविवारी दुपारी चारशे माणसं येतात, पण रिवाज आमचा. शेवटच्या गाण्याला खरज्या खाली उडी मारतो, आम्ही त्याला बडवतो, तो आम्हाला. "पुरे, मेलो!" असं तो ओरडला की आणखी जोरात मारायचं. मग तो उठतो, हसतो आणि पुन्हा गायला लागतो. बाहेरच्यांना हे कळत नाही. कळायला जीव लावावा लागतो.

मंगळवार, ११ मार्च

कामावर, इस्पितळाच्या धुलाईखान्यात, आज राडा. इस्त्रीवाली म्हणाली, "तुझा तो खरज्या दोन वर्षांत भीक मागेल." ओल्या चादरीचा पीळ होता हातात, तोच तोंडावर हाणला. नाक फुटलं तिचं. दोन दिवस घरी बसवलंय मला. जाण्याआधी तिचा एप्रन मीच धुतला. ही बया तो गरम पाण्यात टाकत होती! रक्ताला गार पाणी लागतं, नाहीतर डाग कायमचा बसतो. इतकी वर्षं काम करून एवढंही कळू नये?

रविवार, १६ मार्च

डोळा काळानिळा. त्याच्याच हातचा! कुणाला सांगू आणि कुणाला नको.

रविवार, २३ मार्च

लिहिता येत नाहीये नीट. लिहितेच.

ड्रम वाजवते ती त्याची मावसबहीण. दारातच आम्हाला म्हणाली, "आज शेवटचं गाणं नको. बरगडी दुखतेय त्याची." आम्ही हसलो. ती कधी नव्हे ते हात जोडत होती, तर आम्हाला वाटलं, वा, काय नाटक करते! गाणं आम्हीच ओरडून मागितलं. त्याने मान हलवली, नाही नाही म्हणाला. आम्ही पाय धरून त्याला खाली ओढलं.

"पुरे," म्हणाला. मग आणखी एकदा, हळू. आम्ही मारत राहिलो. तो पडला, तर सगळे टाळ्या वाजवायला लागले, आता उठेल म्हणून. मी सगळ्यात पुढे. "ऊठ की रे!" म्हणून कुशीत लाथ घातली. पायाला काहीतरी मोडल्याचं जाणवलं. तोंडातून फेस आला, लाल. ते बघूनही मागचे टाळ्या वाजवतच होते.

लाथ माझी होती. इथे लिहिलं, तोंडाने कुणाला सांगितलं नाही.

सोमवार, २४ मार्च

बरगडी फुप्फुसात घुसली. डोक्यालाही मार आहे. शुद्ध नाही. आमच्याच इस्पितळात ठेवलंय. त्याच्या खोलीतल्या मळक्या चादरींचं गाठोडं खाली धुलाईखान्यात आलं, त्याला मी कुणाला हात लावू दिला नाही.

फाटकाबाहेर आमचे दोनशे जण. काचा फोडल्या. "ज्याने मारलं त्याला फाडू!" प्रत्येकाने मारलं होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला शोधत होता. शेवटी एक चष्मेवाला सापडला, कालच पहिल्यांदा आलेला. "मी मागे उभा होतो हो," म्हणत राहिला. त्याला तुडवला. मीही दोन ठेवून दिल्या. त्याने काही केलं नव्हतं हे तिथे मला एकटीला पक्कं माहीत होतं.

बुधवार, २६ मार्च

शुद्ध नाही. आई विचारते, जेवत का नाहीस.

शुक्रवार, २८ मार्च

तो उठला की सांगणार, लाथ माझी होती. हसेल तो. हसून एक ठेवून देईल आणि फिटेल सगळं. आमचं तसंच आहे.

शनिवार, २९ मार्च

शुद्ध आली. धुतलेल्या चादरी पोचवायच्या निमित्ताने आत गेले. त्याची मावसबहीण त्याला म्हणाली, "बघ, तुझी माणसं आलीत." त्याने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.