अक्का, तू लपवलेलं वारूळ

प्रिय अक्का,

एका पाटीभर अळंबीची खरी किंमत सांगू? नाल्याकाठचं ते जुनं वारूळ, त्यातली वाळवीची अख्खी वस्ती, आणि दर श्रावणात चार घरांच्या चुलीवर शिजणारी भाजी. एवढं सगळं गेलं एका पाटीपायी! कुदळीनं खणून नेलं गं. आता तिथं नुसता खड्डा आहे. गावात कुणाला सांगायला जावं तर म्हणतात, "जाऊ द्या ना नाना." म्हणून तुला लिहितोय. तू तरी "जाऊ दे" म्हणणार नाहीस.

माझे कान तुला माहीत आहेत. गल्ल्यावर बसून अख्ख्या खानावळीचं बोलणं ऐकतो. कोपऱ्यातल्या टेबलावर अळंबी विकायला नेणारे दोघे जीपवाले हसत होते, "मुळीसकट काढली की वजन भरतं. वारूळ काय, पुन्हा होईल!" आणि माझीच शेवभाजी ओरपत होते! वाटलं, रस्सा डोक्यावर ओतावा.

पुन्हा होईल? वाळवीच्या घरातच उगवते ती; वाळवीच मेली तर अळंबी काय आभाळातून पडणार? तू कळ्या तेवढ्या हातानं खुडायचीस, उमललेल्या छत्र्या तशाच सोडायचीस. म्हणायचीस, "हातमा येस ते आपलं. कुदळ लागनी का चोरी शे." तेव्हा मी हसायचो. आज हसू येत नाही.

त्यावर सरपंचाची अक्कल ऐक. म्हणे, सरसकट बंदी घालू, जंगलात कुणी अळंबीला हातच लावायचा नाही. वा रे न्याय! खणून नेणारा जीपमध्ये, आणि ओटीत चार कळ्या घेऊन येणारी बाई चोर! मी ग्रामसभेत उभा राहिलो. माईक हातात घेतला आणि असा गरजलो, अक्का, की सगळी सभा चिडीचूप. बंदीचा ठराव बारगळला. तुझा हा धाकटा उपाशी शाळेत जायचा, त्यानं अख्खं गाव गप्प केलं! तू बघायला हवी होतीस.

पण राग तुझ्यावरही आहे. टेकडीमागचं मोठं वारूळ तू जन्मभर लपवलंस. लांबच्या वाटेनं जायचीस, कुणी मागं येतंय का बघायचीस. शेवटच्या घटकेला लेकीच्या कानात तेवढं सांगितलंस, सख्ख्या भावाला पत्ता नाही! कशाला गं? जे कुणाला ठाऊकच नाही, त्याची राखण कोण करणार? नाल्याकाठचं गेलं ते चार घरांना तरी कळलं. तुझं गेलं असतं तर रडायलाही कुणी नसतं.

तुझी सुमन तुझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिनं गल्लीतल्या सगळ्या बायका गोळा केल्या आणि थेट तुझ्या वारुळाशी नेल्या. "मन्ही मायनी दपाडेल जागा शे. आते आपली सगळ्यासनी." मी म्हटलं, अगं, आईनं लपवून जपलेलं असं वाटून टाकतेस? तर म्हणाली, "मामा, वाटं म्हनीसनच वाची."

आणि वाटलं म्हणूनच वाचलं! परवा जीप आली. बायका वारुळाभोवती बसूनच होत्या. जीपवाला म्हणाला, "मावशी, सरका." एक म्हातारी म्हणाली, "तू खोद ना रे भाऊ. पहिली कुदळ मन्हा पायवर मार." जीप वळवली आणि गेले.

तुला शब्द देतो, लांब मुळीसकट खणलेली अळंबी माझ्या खानावळीची पायरी चढणार नाही. हातानं खुडलेली सुमन आणि बायका आणतील तेवढीच शिजेल. संपली की संपली, गिऱ्हाईक कितीही रुसू दे.

जीप गेल्यावर मी त्या बायकांना विचारलं, माझं ग्रामसभेतलं भाषण ऐकून हिंमत आली ना? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माईक बंद होता, अक्का. मागं बसलेल्या बायकांपैकी एकीलाही माझं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

तुझा धाकटा,
नाना