एकट्याला वेगळं टेबल नाही

प्रिय भिंगरी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांनी परत एकदा गळका नळ स्वतः दुरुस्त केला आणि मग प्लंबरला बोलवावं लागलं, म्हणजे घर नेहमीसारखंच चाललंय. पत्र एवढ्यासाठी की फोनवर माझी जीभ माझ्याआधी धावते. रविवारी तू तिकडून रडवेली होऊन फोन केलास, तेव्हाही तेच झालं. त्याबद्दलच लिहायचंय, पण थेट तिथे पोचायची लाज वाटतेय, म्हणून जरा वळसा घेऊन येते.

माझं कॉलेज जोरात आहे. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर पोरं चक्क उभी राहिली होती, सांगितलं होतं ते आठवतंय ना? मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की ही बाई शिकवायला नाही, शिकायला आलीय. आता मी सगळ्यांची काकू. परीक्षा जवळ आली की टिपणं माझ्याकडूनच नेतात, कारण माझं अक्षर लागतं. सर माझ्याहून धाकटे, मला प्रश्न विचारायचा झाला की बिचारे आधी घसा खाकरतात.

दुपारचं जेवण फाटकासमोरच्या खाणावळीत. मालक एक नंबरचा खडूस. एकट्या माणसाला तो वेगळं टेबल देतच नाही. भिंतीलगतच्या लांब टेबलाकडे बोट दाखवतो आणि जो कुणी एकटा आला असेल त्याच्यासमोर नेऊन बसवतो. पहिल्यांदा मी चांगलीच तणतणले. पण तिथेच मला मफलर भेटली. ती भर उकाड्यातही गळ्यात मफलर गुंडाळून येते, म्हणून मी ठेवलेलं हे नाव. तिलाही ते आवडतं. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात आलेली. फक्त तू तिकडे गेलीस आणि ती इकडे आली. मी तिला आपली भाषा शिकवते, ती मला कॉम्प्युटरवर तक्ते करायला शिकवते. तिखट लागलं की डोळे पुसत हसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागवते. मागच्या आठवड्यात तिच्या शर्टाचं बटण तुटलं, ते मी शिवून दिलं. तुला मात्र सातवीतच सुईदोरा हातात दिला होता, तुझं तू शीक म्हणून. सुई ओवताना ते आठवलं आणि मी ते झटकून टाकलं.

मंगळवारी ती आली, पण ताटाला हात लावेना. मग मोडक्यातोडक्या शब्दांत सांगायला लागली. वसतिगृहात कुणी बोलत नाही, गटात काम करायचं असलं की हिला कुणी घेत नाही, झोप लागत नाही, सत्र अर्धवट सोडून घरी जावंसं वाटतं. भिंगरे, शब्द न् शब्द तुझा. आणि मी काय केलं? तिचा हात हातात घेतला. म्हटलं, बाळा, घरी जावंसं वाटण्यात कमीपणा कसला? सत्र काय, पुन्हा करता येतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली आणि मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. त्या खडूस मालकानंसुद्धा न सांगता पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, तुमची मुलगी नशीबवान आहे.

मी माझं ताट बाजूला सारलं. रविवारी तू हेच सगळं सांगत होतीस आणि मी तुला रडूबाई म्हणाले. पुरतं ऐकूनही घेतलं नाही. वर म्हणाले, आता अशी परत आलीस तर मी लोकांना काय तोंड दाखवू? कोण लोक गं? शेजारपाजारचे, वर्गातली पोरं. तुझं कौतुक सांगून सांगून मीच त्यांचे कान किटवले होते. तुझं काय होईल यापेक्षा माझ्या बढाया तोंडावर पडतील याची मला धास्ती होती. मला माझीच शिसारी येते हे लिहिताना. तू नुसतं 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी बाबांना ऐटीत सांगितलं, पोर भानावर आली. ते उठून नळापाशी गेले.

मफलरनं त्याच दिवशी तिच्या आईला फोन केला. ती राहणार की जाणार, अजून ठरलेलं नाही. पण तिचं बोलणं कुणीतरी ऐकून घेतलं. तुझं ऐकायला त्या वेळी कुणीच नव्हतं. म्हणून हे पत्र. सवड झाली की फोन कर आणि रविवारचं सगळं पहिल्यापासून सांग, मी मध्ये तोंड घालणार नाही. राहायचं ठरवलंस तर राहा, पण माझ्या तोंडाकडे बघून नको. मंगळवारी त्या लांब टेबलावर मी जे बोलले ते खरं तर तुझं होतं, भलत्याच पत्त्यावर गेलं. आता तुझं तुला पाठवतेय. बाळा, घरी यावंसं वाटण्यात कमीपणा कसला? ये.

तुझीच, उशिरा कान उघडलेली,
आई